ससे वाढतात, गिऱ्हाईक वाढत नाही

आम्ही नवरा-बायको, दोघंही इथेच आहोत. माइक एकच असल्यामुळे बोलणार एक जण, पण सांगतोय ते दोघांचं. सोलापूर-सांगलीच्या हद्दीवर आमचं गाव आहे. पाऊस कमी, ऊन भरपूर. ससे पाळायला लागून आम्हाला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं आम्ही पैसे घालवले, पुढची दोन ते भरून काढण्यात गेली. उरलेल्या सहा वर्षांचं बोलायचं तर धंदा लहान आहे, पण आहे.

आयोजकांनी विषय दिलाय 'मांस, लोकर-कातडी आणि प्रदर्शनासाठी ससेपालन'. तिन्हीबद्दल सांगूच. पण त्याआधी एक विचारतो. 'दहा सशांचं युनिट घ्या, पिल्लं आम्हीच विकत घेऊ' असं लिहिलेलं माहितीपत्रक इथे कुणाकुणाकडे आहे? हात वर करा. ... बरेच आहेत. मग आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे असं समजा. खिशात हात घालायच्या आधी ऐकून जा, एवढीच विनंती.

पहिल्यांदा ससा म्हणजे कोणता ससा ते बघू. मराठीत आपल्याकडे एकच शब्द आहे आणि त्यानं घोटाळा होतो. शिवारात हरभऱ्यात येतो, मोटरसायकलच्या उजेडात थबकतो, तो रानससा. शास्त्रात त्याचं नाव लेपस नायग्रिकॉलिस. पिंजऱ्यात पाळतात तो युरोपातला, स्पेन आणि दक्षिण फ्रान्सकडचा, बिळात राहणारा ससा, ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस. दोघांची गुणसूत्रंच वेगळी आहेत, रानसशाची ४८ आणि पाळीवाची ४४, त्यामुळे त्यांचा संकर होत नाही. रानसशाचं पिल्लू डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडं, आंधळं, गुलाबी बोटाएवढं असतं. रानसशाचं मटण काळपट लाल, पाळीवाचं कोंबडीसारखं पांढरं. म्हणून गावातली जुनी खवय्ये मंडळी आमच्याकडे येतात, खातात आणि म्हणतात, "ही चव नाही ती." बरोबर आहे, कारण जनावरच ते नाही.

आणि रानसशाला हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे, तो पकडून पाळणं हाही गुन्हाच. आमच्याकडे एकदा एक पोरगं पिशवीत दोन रानसशाची पिल्लं घेऊन आलं, 'घेता का' म्हणून. त्याला घेऊनच परत शेतात गेलो आणि जिथून उचलली तिथेच सोडायला लावली. आई दिसली नाही म्हणजे पिल्लं अनाथ असतात असं नाही. ती दिवसभर लांबच असते, अंधार पडल्यावर येते.

पाळीव सशीचंही तसंच आहे, आणि नवीन माणूस इथेच पहिली चूक करतो. आमची पहिली मादी व्याली तेव्हा सात पिल्लं झाली. आम्ही दिवसभर बघत बसलो. ती पेटीकडे फिरकतसुद्धा नव्हती. आम्हाला वाटलं, पाजत नाही, पिल्लं मरणार. मग तिला धरून पेटीत कोंबायची, पिल्लं हातात घेऊन ड्रॉपरनं गाईचं दूध पाजायचं, असे नसते उद्योग केले. तिसऱ्या दिवशी पाच मेली. नंतर कळलं की सशी चोवीस तासांत साधारण एकदाच पाजते, तेही तीन-चार मिनिटं, बहुधा पहाटे किंवा रात्री. तिचं दूध घट्ट असतं, एका पाजण्यावर पिल्लू दिवस काढतं. सकाळी पेटीत हात घालून बघा. पोट टम्म, तुळतुळीत असेल तर पाजलंय. पोटावर सुरकुत्या असतील तर नाही पाजलं. एवढंच बघायचं आणि बाजूला व्हायचं. पाच पिल्लं आम्ही मायेपोटी मारली, असंच म्हणावं लागेल.

आता पैदाशीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे.

गाई-म्हशीसारखा सशीला ठरावीक दिवसांनी माज येत नाही. नराशी संयोग झाला की त्यानंतर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं. म्हणजे नर आधी, बीज नंतर. म्हणून ती वर्षात कधीही गाभण राहू शकते. मादी पाच-सहा महिन्यांची आणि वजनाला पुरती झाली की मगच नराकडे न्यायची. न्यायची तीही मादीला नराच्या पिंजऱ्यात. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडलं तर ती आपली जागा राखायला अंगावर जाते. आमच्या एका नराचा कान आणि अंडकोष दोन्ही फाटले, त्या दिवसापासून हा नियम पाठ झाला. काम दोन मिनिटांत उरकतं. नर एक बारीक आवाज काढून एका कुशीवर पडतो, की समजायचं झालं. मादी लगेच उचलून परत आणायची. दोघांना रात्रभर एकत्र ठेवायचं काही कारण नाही, उलट तारीख कळत नाही.

तारीख लिहा. हे आम्ही दहा वेळा सांगू. प्रत्येक पिंजऱ्यावर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर मादीचा नंबर, कोणत्या नराकडे कधी नेली. गर्भ तीस ते बत्तीस दिवसांचा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हातानं चाचपलं तर आत बोरासारख्या गाठी लागतात. लेंडी आणि गाठ यातला फरक बोटांना कळायला आम्हाला सहा महिने लागले. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी विण्याची पेटी ठेवायची, तळाला भुसा किंवा वाळलेलं गवत. मादी त्यात तोंडानं गवत भरते आणि मग स्वतःच्या छातीचे, पोटाचे केस उपटून वर गादी करते. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमची थोरली रडायला लागली होती, तिला वाटलं सशीला काही झालंय. पेटी ठेवायला दोन दिवस उशीर झाला तर मादी जाळीवरच विते आणि पिल्लं खाली पडून थंडीनं नाहीतर मुंग्यांनी मरतात. धंद्याचा नफा-तोटा या अठ्ठाविसाव्या दिवसाच्या कार्डावर ठरतो.

पिल्लांचे डोळे दहाव्या-बाराव्या दिवशी उघडतात. तीन आठवड्यांनी ती पेटीबाहेर येतात, आईचं खाद्य कुरतडायला लागतात. पाच-सहा आठवड्यांनी तोडायची. पुस्तकात आठ पिल्लं, दहा पिल्लं असं लिहिलेलं असतं, आणि होतातही. पण आपल्या हवामानात, आपल्या हातानं, वेताला पाच जगली तरी चांगलं काम चाललंय असं समजा. आणि वर्षाला वेतंही पाचच धरा. माहितीपत्रकात आठ वेतं, आठ पिल्लं, चौसष्ट असं लिहिलेलं असेल. मादी म्हणजे पिठाची गिरणी नाही. व्याल्यावर लगेच परत नराकडे नेली तर दीड वर्षात तिची हाडं दिसायला लागतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. सशाचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे त्याला कुरतडायला तंतुमय काहीतरी रोज लागतंच. तो ओकू शकत नाही. म्हणून भिजलेलं, आंबलेलं, बुरशीचं पोटात गेलं की ते बाहेर यायला वाट नाही. आणि तो स्वतःची एक प्रकारची मऊ लेंडी थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन परत खातो. ते घाण नाही, आजार नाही. गाय रवंथ करते तसंच त्याचं हे दुसऱ्यांदा पचवणं. आमच्याकडे आलेला एक पाहुणा ते बघून चहा न घेताच गेला होता!

मोठ्या सशाला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कांडी खाद्य आणि वर हिरवा चारा. आम्ही लसूणघास, दशरथ घास, शेवग्याचा पाला, हादगा वापरतो. ओला चारा कापला की अर्धा दिवस सुकवून मगच द्यायचा, नाहीतर पोट फुगतं. सुबाभूळ थोडीच द्या. तिच्यातल्या मिमोसिननं केस गळतात, आणि मग लोक आमच्याकडे येतात की 'खरूज झाली'. खरूज वेगळी. ती कानात सुरू होते, आत तपकिरी खपल्या धरतात. डॉक्टरला दाखवा. पण डॉक्टरला हेही आठवण करून द्या की ससा आहे, कारण कुत्र्या-मांजराची काही औषधं सशाला चालत नाहीत. गोचिडाचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला विषासमान आहे. पोटातून दिलेलं अमोक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं, मग हगवण लागून ससाच जातो. घरात पोरांसाठी आणलेलं सिरप उरलंय म्हणून देऊ नका. हे आमच्या शेजारच्या गावात घडलेलं आहे.

पिल्लं तोडल्यावर महिनाभरात पोट मोठं होऊन, पातळ हगून पटापट मरायला लागली तर बहुतेक वेळा कॉक्सिडिया असतो. मेलेल्याचं काळीज उघडून बघा, त्यावर पांढरे ठिपके असतील. औषध आहे, पण खरा इलाज जाळीचा तळ हाच. लेंडी खाली पडली पाहिजे, खाण्याला लागता कामा नये. आमच्या पिंजऱ्यांखाली गांडूळखताचे वाफे आहेत. सशाची लेंडी गांडुळांना फार मानवते, आणि खरं सांगायचं तर काही महिने मटणापेक्षा खतानंच घर चाललं.

आता ऊन. आपल्याकडच्या ससेपालनात रोगापेक्षा ऊन जास्त मारतं. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानातून बाहेर टाकतो, म्हणून एवढे मोठे कान. त्याला बरं वाटतं ते पंधरा-वीस अंशांत. तीसच्या वर गेलं की खाणं कमी होतं, पस्तीसच्या वर जीव धोक्यात. आणि आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस!

दुसऱ्या वर्षी मे महिन्यातली एक दुपार. आम्ही दोघंही लग्नाला गेलो होतो, घरी आई होती. शेडवर पत्रा, फॅन लावलेले. अकराला लाईट गेली ती पाचला आली. आईनं दोनदा जाऊन पाणी घातलं, पण बादलीनं पाणी पत्र्यावर टाकायला तिच्या अंगात ताकद कुठली. संध्याकाळी आलो तर अठरा मेलेले, त्यातल्या अकरा माद्या गाभण. कान गरम, जीभ बाहेर, अंग लांब ताणलेलं. आई उंबऱ्यावर बसून होती. ती काही बोलली नाही, आम्हीही काही बोललो नाही. रात्री खड्डा घेतला.

त्यानंतर पत्रा काढला आणि पाचटाचं छप्पर केलं, दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि शेवगा लावला. आता गोणपाट ठिबकानं ओलं राहतं, त्याला लाईट लागत नाही, टाकी उंचावर आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवून दुपारी एकेका पिंजऱ्यात टाकतो, ससा तिला चिकटून पडतो. आणखी एक गोष्ट कळली ती अशी की उन्हानं नर तात्पुरता वांझ होतो. मेमध्ये मादी नेली तर जूनमध्ये रिकामी निघते, आणि दोष मादीला दिला जातो. बीज पुन्हा तयार व्हायला दोन महिने लागतात. म्हणून आम्ही एप्रिल ते जून पैदास बंदच ठेवतो. माहितीपत्रकातल्या आठ वेतांतली दोन इथेच गेली.

लोकर आणि कातडी या विषयावर आम्ही फार वेळ घेणार नाही, कारण आपल्या भागात तो धंदा होत नाही. लोकरीचा ससा म्हणजे अंगोरा. तो थंडीतला. हिमाचलमध्ये कुल्लूजवळ गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे जर्मन अंगोरावर काम झालेलं आहे. कुल्लूच्या शालींत ही लोकर जाते. तंतू फार बारीक, बारा-तेरा मायक्रॉनच्या आसपास. साधारण अडीच-तीन महिन्यांनी कात्रीनं कातरायची. कातरायची म्हणजे कातरायचीच. २०१३ मध्ये चीनमधल्या काही ठिकाणी जिवंत सशाचे केस उपटतानाचं चित्रीकरण जगभर दिसलं आणि मोठमोठ्या कपड्यांच्या ब्रँडनी अंगोरा विकणं थांबवलं. चूक कुणाची, पण बाजार सगळ्यांचाच गेला. आमच्याकडे सोलापुरात अंगोरा आणणं म्हणजे त्याला लोकरीचा कोट घालून उन्हात उभं करणं. कुणी विकायला आला तर हात जोडा.

कातडीसाठी रेक्स नावाची जात आहे. १९१९ मध्ये फ्रान्समध्ये एका वेतात मखमलीसारखी, आखूड केसांची पिल्लं निघाली, तिथून ती वाढवली. पूर्वी युरोपात सशाच्या केसांचा नमदा करून हॅट बनवत. त्यासाठी पाऱ्याचं संयुग वापरत आणि ती वाफ हुंगून कारागिरांचे हात थरथरत, डोकं फिरे. आज आपल्याकडे कातडी कमवून देणारा आणि विकत घेणारा कोण आहे ते आधी शोधा. आम्ही शोधला, एकही मिळाला नाही. बारा आठवड्यांच्या सशाची कातडी तशीही पातळ, केस सोडणारी. आम्ही ती पुरतो.

प्रदर्शन हा मात्र मजेचा विषय आहे. इंग्लंड-अमेरिकेत सशांची प्रदर्शनं भरतात, जशी आपल्याकडे खिल्लार बैलांची भरतात. अमेरिकेतली ससेवाल्यांची संघटना १९१० पासूनची आहे. प्रत्येक जातीचं आदर्श वर्णन तिच्या पुस्तकात छापलेलं असतं. पाठीची कमान कुठून सुरू व्हावी, कान किती लांब, केस उलटे फिरवले तर किती वेगानं परत बसावेत, नखाचा रंग कोणता, आणि प्रत्येकाला गुण. परीक्षक ससा टेबलावर बसवतो, हातानं चाचपतो, दात बघतो. आपला खिल्लारवाला वशिंड आणि शिंगाची ठेवण बघतो त्यातलाच प्रकार. वेड तेच, जनावर लहान.

पण याच प्रदर्शनी सशानं दोन मोठ्या बाजारपेठा बुडवल्या आहेत. पहिली जपानची. १८७० च्या सुमारास तिथे परदेशी ससे यायला लागले. ठिपक्यांचे, वेगळ्या रंगाचे ससे पाळायची टोकियोत लाट आली. भाव वाढत वाढत एकेका सशाला माणसं पोटाला चिमटा घेऊन पैसे मोजायला लागली. खायला कुणी घेत नव्हतं, सगळे विकायलाच घेत होते. १८७३ मध्ये टोकियोच्या प्रशासनानं प्रत्येक सशामागे महिन्याला एक येन कर बसवला, आणि एक येन तेव्हा मोठी रक्कम होती. बाजार कोसळला.

दुसरी अमेरिकेची. १८९८ च्या पुढे बेल्जियन हेअर नावाच्या सशाची तिथे धूम सुरू झाली. नावात हेअर म्हणजे रानससा असला तरी तो पाळीव ससाच, नुसता अंगानं लांबट. इंग्लंडहून बोटीनं ससे येत. लॉस एंजेलिसच्या परिसरात शेकडो लोकांनी परसात ससे घातले. उत्तम नराला हजार डॉलरच्या वर भाव गेला. दोन-तीन वर्षांत सगळं खाली आलं, कारण ज्याला घ्यायचा होता त्या प्रत्येकाकडे ससे झाले होते. जे होते ते विकायला बसलेले.

आता तुमच्या हातातलं माहितीपत्रक काढा. आपण फळ्यावर गणित करू.

एक युनिट म्हणजे सात माद्या आणि तीन नर. आपण कंपनीचा नाही, आपला आकडा धरू. मादीला वर्षाला पाच वेतं, वेताला पाच पिल्लं, म्हणजे पंचवीस. सात माद्यांची १७५. त्यातली निम्मी माद्या, सत्त्याऐंशी धरा. सात माद्यांचं एक युनिट, म्हणजे तुमच्या एका युनिटातून वर्षाला बारा नवी युनिटं तयार होतात. कंपनी काय म्हणते? 'पिल्लं आम्ही घेतो.' घेऊन कुठे देते? पुढच्या शेतकऱ्याला, युनिट म्हणून. म्हणजे आज शंभर शेतकरी असतील तर पुढच्या वर्षी बाराशे नवे लागतात. त्याच्या पुढच्या वर्षी १४,४००. मग १,७२,८००. मग २० लाख ७३ हजार. पाचव्या वर्षी २ कोटी ४८ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. घरात साडेचार माणसं धरली तर अडीच कोटी घरं. म्हणजे पाचव्या वर्षी वरळीच्या बावीस मजली इमारतीपासून मेळघाटातल्या झोपडीपर्यंत प्रत्येक घरात दहा ससे पाहिजेत. आणि सहाव्या वर्षी प्रत्येक घरानं आणखी बारा गिऱ्हाईकं शोधायची.

हे गणित आम्ही सातवीच्या पोराकडून करून घेतलं, पण पैसे भरल्यानंतर. त्या कंपनीचं नाव आम्ही घेणार नाही, तशा अनेक येऊन गेल्या. एक युनिट, पिंजरे, महिनाभराचं खाद्य, वर शंभराच्या स्टॅम्प पेपरवर करार. पहिल्या वेताची पिल्लं त्यांनी घेतली, पैसे रोख दिले. त्या पैशांचा फोटो आम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तो बघून आमच्या मेव्हण्यानं आणि भावकीतल्या दोघांनी युनिटं घेतली. दुसऱ्या वेताला चेक दिला, तो वटला. तिसऱ्या वेळी 'गाडी पुढच्या आठवड्यात येतेय'. मग फोन बंद. आमच्याकडे तेव्हा एकशे साठ ससे होते आणि रोज सतरा-अठरा किलो खाद्य लागत होतं. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात जगात नसलेल्या वस्तूचं उदाहरण म्हणून 'सशाचं शिंग' देतात. आमच्याकडे त्या शिंगाचा करार होता, नोटरी केलेला.

मेव्हणा दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. आम्ही फसलो याचं जेवढं वाटत नाही, तेवढं तो फोटो आम्ही टाकला याचं वाटतं.

हे लोक आणखी काय सांगतात तेही ऐका. 'रक्त औषध कंपन्या घेतात.' प्रयोगशाळांना जनावरं नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावी लागतात, त्याचे १९९८ चे केंद्राचे नियम आहेत, आणि ती नोंदणी तुमच्या शेडला कुणी करून देत नाही. सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवरची चाचणी तर आपल्या देशात २०१४ पासून बंदच आहे. 'मटण पंचतारांकित हॉटेलात जातं.' कोणत्या, ते विचारा, आणि तिथल्या खरेदीवाल्याला स्वतः फोन करा. 'परदेशात निर्यात होते.' मग कत्तलखाना कुठे आहे, शीतगृह कुठे आहे, ते दाखवायला न्या म्हणावं. पिल्लू विकत घेणारा माणूस आणि मटण विकत घेणारा माणूस हे दोन वेगळे. पहिला कितीही भेटो, दुसरा भेटल्याशिवाय धंदा नाही.

मग आम्ही काय केलं? एकशे साठ ससे सोडून देता येत नाहीत. पाळीव ससा रानात सोडला तर दोन दिवसांत कुत्री-मांजरं खातात, आणि जगलाच तर तेही वाईट. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये एका जमीनदारानं शिकारीची हौस म्हणून डझन-दोन डझन ससे सोडले, त्याचं निस्तरणं तो देश अजून करतोय. तेव्हा एकच वाट उरली, कापायचे. आम्ही दोघंही माळकरी घरातले नाही, कोंबडी-बोकड खाणारे. तरी हात धजेना. ससा सहसा ओरडत नाही. मान खाली घालून बघत राहतो. आईनं सांगितलं, माझ्या चुलीवर हे शिजणार नाही. पहिले दोन महिने बाहेर, शेडमागे तीन दगडांवर शिजवलं. धाकटीनं नावं ठेवलेले चार ससे होते, ते म्हातारे होऊन मेले. त्यांना हात लावला नाही. तुम्ही हा धंदा करणार असाल तर या प्रश्नाचं उत्तर घरात बसून आधी ठरवा, सगळ्यांना विचारून. पोरांना 'पाळायला आणलेत' म्हणून खोटं सांगू नका.

आता मटणाचं खरं गणित. बारा आठवड्यांत ससा दोन किलोचा होतो, कापल्यावर साधारण निम्मं, म्हणजे एक किलो मटण. तेवढं वाढायला त्याला सहा-सात किलो खाद्य लागतं. ब्रॉयलर कोंबडी दोन किलो व्हायला साडेतीन किलोच्या आत खाद्य खाते आणि पाच-सहा आठवड्यांत तयार होते. म्हणजे सगळं विकतचं कांडी खाद्य घालून तुम्ही कोंबडीशी कधीच स्पर्धा करू शकत नाही. ससा परवडतो तो त्याच्या पोटामुळे. तो पाला खाऊन मांस करतो, कोंबडीला ते जमत नाही. बांधावर शेवगा, हादगा, दशरथ असेल आणि निम्मं पोट तिथून भरत असेल, तरच चार पैसे सुटतात. चारा विकत घेणाऱ्यानं या धंद्यात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमच्याकडे आज चौदा माद्या आणि तीन नर आहेत. सोव्हिएत चिंचिला आणि न्यूझीलंड व्हाइट, जुन्या रक्तातलेच. नर मात्र दर दोन वर्षांनी बाहेरून आणतो, नाहीतर भावकीतच लग्नं लागून पिल्लं बारीक होत जातात. मूळ जनावरं घ्यायची तर संशोधन संस्थेकडे किंवा कृषी-पशुवैद्यक विद्यापीठाकडे चौकशी करा. तमिळनाडूत कोडाईकॅनलजवळ मन्नवनूरला त्याच केंद्रीय संस्थेचं मांसाच्या सशांचं केंद्र आहे. गिऱ्हाईक आमचं ठरलेलं आहे. दोन खानावळी, सोलापुरातली काही केरळी कुटुंबं, एक केटरर, आणि डॉक्टरांनी लाल मटण बंद केलेले पाच-सहा जण. महिन्याला पंधरा-वीस ससे जातात. पंचवीस करायला गेलो की पाच अंगावर राहतात, हे दोनदा करून बघितलंय. विकण्यासाठी कापायचं तर अन्नसुरक्षेचा परवाना आणि मान्य कत्तलखाना या दोन गोष्टी जिल्ह्याच्या अन्न प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन आधी लेखी विचारा. पिंजरे नंतर घ्या.

मागून एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. 'सुरुवात कितीनं करावी?' तीन माद्या, एक नर. वर्षभर. त्यातून जी साठ-सत्तर पिल्लं होतील ती विकून दाखवायची, पैदाशीसाठी नाही, खाणाऱ्याला. मे महिना त्यात आला पाहिजे. आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलंय की 'आगाऊ रक्कम भरलेली आहे, काय करू?' ज्यांनी लिहिलंय त्यांनी खाली थांबा. नाव सांगू नका हवं तर. करार बरोबर असेल तर घेऊन या. मागच्या वर्षी अशा दोघांचे पैसे माल उचलायच्या आत नोटीस दिल्यामुळे परत मिळालेत, आणि ती नोटीस कशी लिहायची ते आमच्या मेव्हण्याला चांगलं माहीत आहे. तो बाहेर गाडीत बसलाय.